पावती कोणाच्या नावाची? मंगळवेढ्याच्या कथा आणि सत्तेचा हिशोब

आज आपण अकलूजला जमलो आहोत, तर सुरुवात या गावापासूनच करू.

१६८९ सालच्या सुरुवातीला नीरेकाठच्या याच गावात औरंगजेब बादशहाची छावणी पडली होती. विजापूर आणि गोवळकोंडा ही दोन्ही राज्यं त्यानं नुकतीच बुडवली होती. फेब्रुवारीत संगमेश्वराला संभाजीराजे पकडले गेले, आणि ती बातमी बादशहापर्यंत पोहोचली ती इथं, अकलूजच्या छावणीत. पुढं तो बहादूरगडाला गेला, राजांना तिथं त्याच्यासमोर आणलं गेलं आणि ११ मार्चला त्यांची हत्या झाली. हा भाग तुम्हाला माहीत आहे. आम्हाला सांगायची आहे ती एक बारीक गोष्ट. त्या काळात बादशाही दप्तरात या गावाचं नाव बदललं गेलं. अकलूजचं ‘असदनगर’ झालं.

आता आम्ही विचारतो, इथं बसलेल्यांपैकी कोणी आयुष्यात एकदा तरी ‘मी असदनगरचा’ असं म्हटलंय का? नाही ना? हिंदुस्थानातला त्या वेळचा सगळ्यात बलाढ्य माणूस या गावाला नाव देऊन गेला आणि ते नाव टिकलं नाही. बाजारात, शेतात, वारीच्या वाटेवर लोक अकलूजच म्हणत राहिले. हुकूम दप्तरात राहिला आणि गाव लोकांच्या तोंडी राहिलं.

इथून आपला आजचा विषय सुरू होतो. सत्ता, अधिकार आणि माणसाची स्वतःची निवड. हे तीन शब्द आपण बोलताना एकमेकांत मिसळतो, म्हणून आधी ते जरा वेगळे करून घेऊ. सत्ता म्हणजे हुकूम पाळायला लावायची ताकद. अधिकार म्हणजे हा हुकूम द्यायचा हक्क या माणसाला आहे, असं ऐकणाऱ्यालाही वाटणं. औरंगजेबाकडं १६८९ मध्ये सत्ता भरपूर होती, पण गावाचं नाव ठरवायचा अधिकार लोकांनी त्याला दिला नाही. आणि निवड म्हणजे या दोन्हींच्या समोर उभा असलेला एकटा माणूस काय ठरवतो ते.

सत्तेची कागदपत्रं राहतात. फर्मानं, सनदा, महसुलाच्या वह्या सापडतात. निवडीची कागदपत्रं सहसा राहत नाहीत. ती राहते गोष्टीत, अभंगात, कीर्तनात, नाटकात. म्हणून आज आम्ही इतिहासाबरोबर गोष्टीही घेणार आहोत. मात्र गोष्ट ऐकताना एक प्रश्न सोडायचा नाही: निर्णय कोणी घेतला आणि त्याची किंमत कोणी मोजली? ही दोन माणसं एकच आहेत की वेगवेगळी?

गोष्टी आपल्या जिल्ह्यातल्याच आहेत. अकलूजहून पंढरपूर, आणि पंढरपूरहून पुढं मंगळवेढा.

पहिली गोष्ट दामाजीपंतांची. लहानपणी ती ऐकली नाही असा माणूस इथं विरळाच. पंधराव्या शतकात हा मुलूख बहामनी सुलतानांच्या ताब्यात, राजधानी बेदर. मंगळवेढ्याला सुलतानाचे अंमलदार दामाजीपंत. मंगळवेढा म्हणजे काळ्या रानाचा, ज्वारीचा भाग. महसुलाचं धान्य तिथल्या सरकारी अंबारांत, पेवांत भरलेलं. आणि दुष्काळ पडला. साधारण १४६० च्या आसपासचा हा दुष्काळ मानतात, आणि लोकांनी त्याला नावच दिलं, ‘दामाजीपंताचा दुष्काळ’. एका दुष्काळाला सुलतानाचं नाव न मिळता त्याच्या एका अंमलदाराचं नाव मिळावं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पंढरपूरहून एक उपाशी ब्राह्मण दामाजीपंतांच्या दारात आला. जेवायला बसवलं तर घास घ्यायच्या आधी रडायला लागला. घरी बायकापोरं उपाशी आहेत, मी कसा जेवू? दामाजीपंतांनी त्याला धान्य दिलं. बातमी पसरली, माणसं येत गेली, आणि शेवटी पंतांनी सरकारी कोठारं उघडली. मुजुमदारानं बेदरला कळवलं. दामाजीला बांधून आणा, असा हुकूम सुटला.

इथं थांबून त्या माणसाची अवस्था बघा. धान्य त्याचं नव्हतं. किल्ल्या त्याच्या हातात होत्या, पण त्या बादशहानं विश्वासानं दिलेल्या. भुकेल्याला स्वतःच्या घरचं देणं हे दान झालं. सरकारी पेव फोडून देणं हा कारकुनी भाषेत अपहार होतो. दामाजीपंतांना हे कळत नव्हतं असं समजायचं काही कारण नाही, ते मुरलेले अंमलदार होते. कळत असून त्यांनी दार उघडलं. म्हणून ती निवड.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. शिपाई पंतांना घेऊन निघाले, वाटेत पंढरपूरला त्यांनी विठोबाचं दर्शन घेतलं. तिकडं बेदरच्या दरबारात एक महार हजर झाला. हातात काठी, खांद्यावर घोंगडी. नाव विचारलं तर विठू महार, दामाजीपंतांचा चाकर. त्यानं धान्याची सगळी रक्कम मोजून दिली आणि पावती मागून घेतली. ती पावती पंतांना आपल्या पोथीत सापडली. पंत बेदरला पोहोचले तेव्हा बादशहा त्यांची वाट बघत होता, तो विठू पुन्हा एकदा दाखव म्हणून. विठू कोण होता हे कळल्यावर पंतांनी नोकरी सोडली आणि पंढरपूर धरलं.

मंडळी, या कथेत देव काय करतो ते नीट बघा. प्रल्हादासाठी हाच देव खांबातून बाहेर येतो आणि राजाचं पोट फाडतो. इथं तो बादशहाला बोट लावत नाही. कचेरीत जातो, रक्कम भरतो, पावती घेतो. बादशहाचा महसूल बरोबर होता की चूक, दुष्काळात तो वसूल करावा की नाही, हा प्रश्न कथा विचारतच नाही. सुलतानाची सत्ता जशीच्या तशी राहते, दामाजीपंतांचा जीव वाचतो आणि हिशोब पूर्ण होतो.

असं का? याचं एक उत्तर कथा सांगणाऱ्यात सापडतं. ही कथा घराघरांत पोहोचवली महिपतींनी, ‘भक्तविजय’ ग्रंथात. तो पूर्ण झाला १७६२ मध्ये, म्हणजे घटनेनंतर तीनशे वर्षांनी. महिपती ताहराबादचे कुलकर्णी होते. जमाखर्च, बाकी, पावती हे त्यांचं रोजचं जग. त्यांच्याबद्दलही एक आठवण सांगतात. ते पूजेला बसलेले असताना जहागीरदाराचं बोलावणं आलं. पूजा आटोपून ते गेले, काम केलं, आणि घरी येऊन चाकरीची लेखणी कायमची खाली ठेवली. यापुढं लिहीन ते संतांचंच. म्हणजे दामाजीपंतांनी नोकरी सोडली ही गोष्ट लिहिणारा माणूस स्वतः नोकरी सोडून लिहीत होता. अशा माणसानं अंमलदाराची सुटका पावतीच्या रूपात बघितली, यात नवल नाही. नोकरी करणाऱ्याला कशाची भीती वाटते हे त्याला आतून माहीत होतं.

आता आपला प्रश्न. निर्णय दामाजीपंतांचा. किंमत कोणी भरली? विठू महारानं. कथेत तो देव आहे. पण देवानं सोंग घेताना महाराचंच का घेतलं?

त्याचं उत्तर गावगाड्यात आहे. महसुलाची रक्कम कचेरीत पोहोचवायला बरोबर जायचं, ही जबाबदारी महाराची. निरोप नेणं, सरकारी माणसांचं सामान वाहणं, हद्द दाखवणं, हे सगळं त्याचं काम. सरकार आणि गाव यांच्यामध्ये जो माणूस खरोखर पायी चालत होता, तो महार. म्हणून बेदरच्या दरबारात पैसे घेऊन महार येणं कोणाला खटकलं नाही. चमत्कार घडतो तोसुद्धा कारभाराच्या ठरलेल्या वाटेनं.

महार समाजानं ही कथा आपल्या बाजूनंही सांभाळली. बेदरच्या बादशहानं महारांना बावन्न हक्कांची सनद दिली, अशी परंपरा आहे. कुठं तिचा संबंध विठू महाराशी जोडतात, कुठं अमृतनाक नावाच्या वीराशी. ब्राह्मण घरातल्या कीर्तनात गोष्ट पावतीपाशी संपते. महारवाड्यात ती हक्कापर्यंत जाते. तुम्ही सेवा घेतली, मग आमचं देणं काय? प्रश्न एकच, ऐकणारे वेगळे.

या हक्कांचं पुढं काय झालं? वतन म्हणून जे मान होतं, ते बेड्या होऊन बसलं. तुटपुंजी जमीन आणि बलुतं, त्याच्या बदल्यात दिवसरात्र कोणीही बोलवावं. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं विधेयक मांडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की या माणसांना काम नाकारायची मोकळीक द्या. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या सेवेला निवड कसं म्हणायचं? ही वतनं कायद्यानं गेली ती १९५८ च्या कायद्यानंतर.

याच मंगळवेढ्याची दुसरी गोष्ट दामाजीपंतांच्याही शंभरेक वर्षं आधीची आहे. चोखोबा मंगळवेढ्याचे. गावकुसाच्या कामावर इतर महारांबरोबर त्यांना धाडलं होतं. १३३८ मध्ये ती भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी झाली. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. एका मंगळवेढ्यात देव महार होऊन बादशहाच्या दरबारात जातो. त्याच मंगळवेढ्यात खरा महार वेठीच्या कामावर मरतो आणि त्याची समाधी देवळाच्या बाहेर राहते. पहिली गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. दुसरी सांगताना आवाज खाली येतो. १९४८ मध्ये बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या उगमावरचं आपलं पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना अर्पण केलं. आम्हाला वाटतं, ती चोखोबांच्या नावावरची उशिरा लिहिलेली एक पावती होती.

तिसरी गोष्टही मंगळवेढ्याचीच. कान्होपात्रा. श्यामा नावाच्या गणिकेची मुलगी. आईचाच धंदा मुलीनं करायचा, हा त्या काळचा नियम. तिनं तो नाकारला आणि वारकऱ्यांबरोबर पंढरपूर गाठलं. तिच्या रूपाची बातमी बेदरला गेली आणि पुन्हा तोच बेदरचा हुकूम, हिला घेऊन या. शेवटचं दर्शन घेऊ द्या, एवढंच तिनं शिपायांकडं मागितलं आणि विठोबाच्या पायाशी प्राण सोडला. देवळाच्या दक्षिणेला तिला पुरलं, तिथं तरटीचं झाड उगवलं, आणि लोक त्या झाडाला नमस्कार करतात.

हुकूम बेदरचाच, देव तोच, पण शेवट किती वेगळा. दामाजीपंतांसाठी विठोबा रक्कम घेऊन बेदरला गेला. कान्होपात्रेसाठी तो कुठंही गेला नाही. तिच्या बाबतीत भरता येईल अशी रक्कम नव्हती, कारण बादशहा मागत होता ती तीच होती. निर्णय तिचा आणि किंमतही तिचीच. ग्रीकांच्या जुन्या नाटकात अँटिगनी राजाचा हुकूम मोडून भावाचं दफन करते आणि मरण पत्करते. तिच्या रांगेत बसणारी ही आपली मुलगी आहे. एक फरक मात्र आहे. अँटिगनी राजाशी दरबारात वाद घालते. कान्होपात्रेला दरबार मिळालाच नाही. तिचं म्हणणं तिच्या वीसेक अभंगांत आहे, आणि ते विठोबाला उद्देशून आहे. बादशहाला तिनं उत्तर देण्याच्या लायकीचं मानलं नाही, असंही म्हणता येईल.

१९३१ मध्ये गंधर्व नाटक मंडळीनं ना. वि. कुलकर्ण्यांचं ‘संत कान्होपात्रा’ रंगभूमीवर आणलं. कान्होपात्रेच्या भूमिकेत बालगंधर्व, संगीत मास्टर कृष्णरावांचं. नाटकात चोखोबाही आहेत. हे नाटक लोक डोळे पुसत बघत होते, त्या वर्षी नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह चालू होता. तो १९३० मध्ये सुरू झाला आणि पाच वर्षं चालला. दार उघडलं नाही. नाटकगृहातल्या चोखोबांसाठी डोळे भरून येणं सोपं होतं, कारण तिकिटाच्या पैशांपलीकडं त्याची किंमत नव्हती. हे आम्ही कोणाला हिणवायला सांगत नाही. आपण सगळेच असे बघे असतो.

पंढरपूरचं दार उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं. साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर फिरून लोकांना साद घातली आणि १ मे रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण सुरू केलं. विरोध कडवा होता, आणि तो शास्त्राच्या, रूढीच्या अधिकारानं होता. १० मे रोजी उपोषण सुटलं आणि विठोबाचं मंदिर अस्पृश्यांसाठी खुलं झालं. गुरुजींचं वेगळेपण कशात होतं? त्यांना देवळात जायला बंदी नव्हती. ते आत जाऊन येऊ शकत होते. दामाजीपंतांसारखेच ते आतल्या बाजूचे होते. पण त्यांनी किंमत भरायला कोणा विठूला पुढं केलं नाही, स्वतःचं शरीर पुढं केलं. आणि तरी हेही म्हटलं पाहिजे की ते दहा दिवस गुरुजींनी सोसले, त्याआधीची सहाशे वर्षं दुसऱ्यांनी सोसली होती. पुस्तकात दहा दिवस येतात. सहाशे वर्षं एका ओळीत जातात.

आता शेवटची गोष्ट, ती पडद्यावरची. आपला भाग साखरेचा. नीरेच्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, १९३२ मध्ये इथं जवळच माळीनगरला सासवडहून आलेल्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या कारखान्याची कंपनी उभी केली. पुढं सहकार आला. मंगळवेढ्याच्या सहकारी कारखान्याला तर नावच संत दामाजींचं आहे. या नव्या जगाबद्दल १९७४ च्या सुमारास एक चित्रपट आला, ‘सामना’. लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट, भूमिका निळू फुल्यांची. स्वातंत्र्याच्या लढ्यात होता आणि आता दारूत बुडाला, असा एक मास्तर, भूमिका श्रीराम लागूंची. हिंदुराव या मास्तराला घरी आणून ठेवतो, खाऊ घालतो, पाजतो.

हिंदुराव हा नुसता गुंड म्हणून दाखवलेला नाही, म्हणून चित्रपट टिकला. त्यानं माळावर पाणी आणलंय, कारखाना काढलाय, माणसांना कामाला लावलंय. त्याच्याकडं सत्ता आहे आणि लोकांनी दिलेला अधिकारही आहे. फक्त मारुती कांबळे नावाचा एक माणूस, फौजेतून परत आलेला, मजुरांच्या बाजूनं बोलणारा, गावातून नाहीसा झालाय. मास्तर त्याच्याबद्दल विचारत राहतो. मारुतीचं काय झालं, एवढंच. त्याच्याकडं पद नाही, पैसा नाही, तोंडाला दारूचा वास येतो. आणि तरी त्या एका प्रश्नानं हिंदुरावाचं आसन डळमळतं.

आम्ही ‘सामना’ बघतो तेव्हा आम्हाला विठू महार आठवतो. दामाजीच्या कथेतही एक माणूस येतो, किंमत भरतो आणि नाहीसा होतो. बादशहा स्वतः विचारतो, तो विठू कुठं गेला? कथेत त्याचं उत्तर गोड आहे, तो देव होता. मारुती कांबळे देव नव्हता. तो गेला तेव्हा त्याच्यामागं घर होतं.

तर मंडळी, आमचं म्हणणं एवढंच आहे. हुकूम मोडणाऱ्यांच्या गोष्टी आपण जपल्या, हे चांगलं झालं. दामाजीपंत नसते तर सरकारी कोठाराच्या किल्ल्या हातात असलेल्या माणसापुढं काही नमुनाच राहिला नसता. तलाठी असो, गोदामाचा कारकून असो की कारखान्याचा संचालक, अशी वेळ नोकरीत एकदा तरी येते, आणि त्या वेळी ही गोष्ट कामाला येते. पण निर्णय घेतल्यावर चमत्काराची वाट बघू नका. आपल्या निर्णयाची रक्कम कोण वाहून नेणार आहे ते आधी बघा. ती आपण भरणार असू तर दार उघडा. दुसरा कोणी भरणार असेल तर त्याला निदान विचारा, आणि नंतर त्याचं नाव सांगायला विसरू नका.

आषाढात तुकोबांची पालखी सराटीहून नीरा ओलांडून अकलूजला येते. पादुकांना नीरास्नान होतं, रिंगण होतं, दिंड्या पुढं बोरगावच्या वाटेला लागतात. यंदा तुम्ही पंढरपूरला गेलात तर महाद्वारासमोर चोखोबांच्या समाधीपाशी क्षणभर उभे राहा, मग आत जाऊन तरटीच्या झाडापाशी उभे राहा. बाहेरच्या समाधीपासून आतल्या झाडापर्यंतचं अंतर दोन-चार मिनिटांचं आहे. ते चालताना आपल्या मनात कोणती नावं येतात, ते बघा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.